उत्तर न्हाई आलं तर

अशफाकचा नवा व्हिडिओ आला की आमच्या घरी आधी सीमा बघते, मग माय बघते, आणि मग दोघी मिळून मला दाखवायला येतात. जसा काही मला फोनच न्हाई. मी तर त्या दोघींच्याही आधी बघितलेला असतो, माळावर, मेंढरांमागं काठीला टेकून. पण ते कशाला सांगू? "दाखव बरं, काय म्हणून राहिला तुमचा हीरो," असं म्हणतो आणि अर्ध्यातच तोंड फिरवून घेतो.

"तुमच्या पोटात दुखून राहिलं," सीमा म्हणते. सीमा माझी बायको, तोंडावर बोलायची सवय हाये तिला.

व्हय, दुखून राहिलं. न्हाई दुखणार तर काय? तो अशफाक, आखाडा बाळापूरच्या बाजारात ताडपत्र्या शिवणाऱ्या गुलाम नबी चाचाचा पोरगा. त्याला पाऊस आला की आडोशाला कुठं थांबावं हे ठाऊक नव्हतं, कुत्रं भुंकलं की माझ्या मागं दडायचा. तो आता किरगिझस्तान, ताजिकिस्तान, आर्मेनिया असल्या देशांत एकटा फिरून राहिला. आपल्याकडचं कोणी जात न्हाई तिथं. डोंगरात तंबू ठोकून राहतो, ट्रकवाल्याला हात करून पुढं जातो, हाटेलात पैसा घालत न्हाई. आणि मी? मी त्याच माळावर, त्याच दीडशे मेंढरांमागं.

आमचं मेंढरांचं घर. सातवीत असल्यापासून दिवाळीच्या सुट्टीत अशफाक आमच्या संगं मेंढरांमागं यायचा. शरीफाचाची, त्याची माय, भाकरी बांधून द्यायची आणि मला म्हणायची, "बेटा, संभाळून आण हां." त्याला उघड्यावर झोपायचं कुणी शिकवलं? मी. घोंगडीची खोळ करून पावसात कोरडं कसं राहायचं, ओल्या काट्याकुट्यांत आगटी कशी पेटवायची, अनोळखी कुत्र्यासमोर कसं उभं राहायचं? मी. आभाळाकडं बघायच्या आधी मेंढरांकडं बघायचं, त्यांना आपल्याआधी कळतं, हे कुणी सांगितलं? मीच.

आणि हाळी. आमच्यात एक नेम हाये, आबांच्याही आधीपासूनचा. आबा म्हणजे माझे वडील, संपतराव. दोघं जण कळप घेऊन निघाले की एक पुढं टेकडीवर जातो. तिथून त्याला रस्ता दिसतो, पीक दिसतं, पाणी दिसतं. खालचा हाळी देतो, "येऽऊ काऽऽय?" वरून हाळी आली की कळप काढायचा. न्हाई आली तर जागचं हलायचं न्हाई. का न्हाई आली, हे विचारत बसायचं न्हाई. वरच्यानं काही बघितलं असंल, वारा उलटा असंल, काही असो. खाली बसायचं. अशफाकनं एकदा हा नेम मोडला, तर सगळी मेंढरं एका माणसाच्या हरभऱ्यात घुसली आणि आबांनी आमाला दोघांनाबी झोडपलं. तवापासून तो वरून आवाज येईस्तोवर दगडावर मुकाट बसून राहायचा.

मग आमचं खूळ सुरू झालं. त्याची चुलतबहीण तरन्नुम डॉक्टरकीला किरगिझस्तानला गेली. तिनं एक फोटो पाठवला. बर्फाचा डोंगर, खाली हिरवं कुरण, पांढरा गोल तंबू, आणि मेंढरं. फोटो मी इतका मोठा करून बघितला की नुसते ठिपके राहिले. "अश्फ्या," म्हणलं, "ही तर आपलीच मेंढरं हायेत, शेपटं तेवढी जाड हायेत." तो म्हणला, "जाऊ चल." बस्स, ठरलं. पासपोर्ट दोघांनी एकाच दिवशी काढला. चौकशीला आलेल्या पोलिसाला मायनं चहा दिला आणि विचारलं, "साहेब, पोरगं काहून देश सोडून चाललंय? आमचं काही चुकलं काय?"

पैसे जमवता जमवता पुढं सहा वर्षं गेली. मग तो गेला. मी गेलो न्हाई.

लोकांना मी सांगतो, मेंढ्या विण्याचे दिवस होते, आबांचा गुडघा धरला होता. बराबर, गुडघा धरला होता. पण आबा सोताच म्हणले होते, जा, मी बघतो. तिकीट काढायच्या आदल्या दिवशी मीच भ्यालो. विमान, तिथली भाषा, इमिग्रेशन का काय म्हणतात तो माणूस. मी अशफाकला म्हणलं, "तू हो पुढं, मी पुढच्या खेपेला येतो." जाताना आबांची जुनी घोंगडी त्याला दिली. ही गोष्ट मी सीमालाबी सांगितलेली न्हाई. तीन खेपा झाल्या त्याच्या. माझा पासपोर्ट पेटीत पडून हाये, एक शिक्का न्हाई त्याच्यावर, आणि मुदत पुढल्या वर्षी संपते.

त्याची फिरायची रीतच वेगळी. तंबू त्यानं दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचा सोता शिवलेला. संगं दाभण आणि जाड दोरा ठेवतो. कुणाचा तंबू फाटलाय, खोगीर उसवलंय, की हा बसला शिवायला. ते लोक त्याला जेवू घालतात, झोपायला जागा देतात. व्हिडिओत बघताना कुणालाबी वाटंल, काय गुणाचं पोरगं हाये. मलाबी वाटायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

पण खरी आग कशानं लागायची सांगू? तो आगटी पेटवायचा आणि म्हणायचा, "हमारे गाँव में ऐसे करते हैं." खोळ घालायचा आणि म्हणायचा, "हमारे गाँव का तरीका." गाव! गावानं शिकवलं काय रे तुला? गाव तर तुला ताडपत्री म्हणून हाक मारत होतं! मी दर व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचो. आता घेईल नाव, मग घेईल. एकदा तरी म्हणंल, शिवहारनं शिकवलं. न्हाई म्हणजे न्हाईच घेतलं. ज्या दिवशी खोळीचा व्हिडिओ तीन लाख लोकांनी बघितला, त्या दिवशी रामकिशनच्या हाटेलात मी पावसाचं म्हणून घोंगडीची खोळ घालून चहाला गेलो. तर एक जण म्हणतो, "काय शिवहार, अशफाकची फॅशन?"

अशफाकची फॅशन! आबांची घोंगडी, आज्याची रीत, आणि अशफाकची फॅशन. कपातला चहा तसाच ठेवून उठलो मी.

आणि दुसऱ्याच दिवशी किरगिझस्तानातून त्याचा मेसेज आला. गणपती नुकतेच बुडाले होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, मी माळावर होतो. आधी व्हिडिओ होता, अर्ध्या मिनिटाचा. मग त्याचा आवाज.

"शिवहार, ऐक ना यार. वर खिंड हाये, ती ओलांडून पलीकडच्या गावात जायचंय. सहा तासांची वाट हाये. फोन सांगून राहिला, ऊन पडणार. संगं दोन गोरे हायेत, तेबी म्हणतात निघू. इथला बुढा मेंढरंवाला वर बोट करून काहीतरी म्हणतो, पण मला त्याची भाषा कळंना. तू त्याची मेंढरं बघ आणि सांग. जाऊ काय? इथं या एकाच खडकावर रेंज हाये, मी इथंच थांबतो."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. स्वच्छ ऊन होतं. समोर गवत हिरवंगार. पण एकाही मेंढराचं तोंड गवताला न्हाई. सगळी खोलगट जागी गोळा झाली होती, ढुंगण वाऱ्याकडं करून, पिलं आत घेऊन. आमच्याकडं गारा पडायच्या आधी अशी उभी राहतात. मला एका नजरेत कळलं. त्याला सांगायला एक शब्द पुरे होता. थांब.

मी अंगठा माइकवर ठेवला. आणि तोंडात आलं ते वेगळंच. विचार ना तुझ्या तीन लाख लोकांना. विचार तुझ्या गावाला. आता काहून शिवहार आठवला? फुकट सांगायला शिवहार, आणि व्हिडिओत गाव?

फोन खिशात घातला. एक मेंढी उगाच बांधाकडं वळली, तिला काठी हाणली. जोरात बसली. बिचारीचं काही चुकलं नव्हतं.

दुपारी भाकरी सोडली, ती कुत्र्याला टाकली. फोन काढला, 'थांब' लिहिलं, आणि पुसून टाकलं. पाच तास झाले होते. आता पाठवलं तर तो म्हणंल, इतका वेळ कुठं होता? आणि तो तर निघालाबी असंल. चार वाजता फोन लावला. लागला न्हाई. सहा वाजता लावला, न्हाई. मनाला म्हणलं, तिथं रेंज कुठं असते, उद्या लागंल. पण मेंढरं वाड्यात कोंडताना मोजायची विसरलो, ते आबांनी मोजली.

दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शरीफाचाची आमच्या वाड्यावर आली. बाळापूरवरून चालत आली होती, डोक्यावरची ओढणी घामानं भिजलेली. मायनं तिला पाणी दिलं, ते तसंच हातात धरून उभी राहिली.

"तरन्नुमचा फोन आलता," ती म्हणली. "वर लई बर्फ पडला म्हणे. रस्ते बंद झाले. अशफाकचा फोन लागंना तीन दिवस झाले. तुझ्याशी तर बोलत असतो ना बेटा? तुला काही आलं काय?"

माय बघत होती. सीमा बघत होती. मी वाड्याच्या काट्या बराबर करायला वाकलो.

"न्हाई चाची," मी म्हणलं. "मला काही न्हाई आलं."

"बरं," ती म्हणली. "आलं तर सांग हां. तकलीफ नको वाटून घेऊ, केव्हाबी सांग."

ती पाठमोरी गेली तशी सीमा म्हणली, "तुमी इतके घामेघूम काहून झाले?" मी तिच्यावर वस्सकन ओरडलो. मग माळावर जाऊन एकटा बसलो आणि सातवीतला अशफाक आठवत राहिला, कुत्र्याला भिऊन माझ्या सदऱ्याला धरणारा. मला त्याच्यासारखं तिकडं फिरायचं होतं, एवढंच. त्याचं वाईट व्हावं असं मी कधी म्हणलं नव्हतं. पण मी गप बसलो होतो, आणि हेबी माझं मलाच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी दुपारी रामकिशनच्या हाटेलातून हाक आली. "शिवहार! ये लवकर, तुझं नाव येऊन राहिलं!"

मी धावत गेलो. हाटेलात दहा-बारा लोक रामकिशनच्या फोनभोवती जमले होते. पडद्यावर अशफाक होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, अंगावर आबांची घोंगडी, मागं सगळं पांढरं. जिता होता. मी टेबलाला धरलं.

व्हिडिओ मराठीत होता, पहिल्यांदाच.

"आज मी जिता हाये तो माझ्या दोस्तामुळं," तो म्हणून राहिला. "शिवहार. नाव लिहून ठेवा, शिवहार संपतराव. मेंढरंवाला हाये. मी जे काही तुमाला दाखवतो ना, आगटी, खोळ, ते सगळं त्यानंच शिकवलं. त्या दिवशी मी त्याला विचारलं, जाऊ काय? त्यानं माझा आवाज ऐकला. माइक निळा झालेला मला दिसला. पण उत्तर दिलं न्हाई. आमच्याकडं नेम हाये. वरून हाळी न्हाई आली तर हलायचं न्हाई. म्हणलं, शिवहारनं बघितलंय काहीतरी. मी त्या खडकावर बसलो. ते दोन गोरे निघून गेले. दोन तासांत आभाळ फाटलं, रेंजबी गेली. दुसऱ्या दिवशी घोड्यावर घालून आणलं त्यांना, एकाचे पाय काळे पडलेत, दवाखान्यात हाये. शिवहार, यार, तू बोलला न्हाईस म्हणून मी वाचलो."

हाटेलात एकच गलका झाला. कुणी पाठीवर थाप मारली. रामकिशन म्हणला, "अरे वा रे पठ्ठ्या! इथं बसून तिथल्या माणसाला वाचवलं!" त्यानं मला पैसे न घेता चहा दिला. तीन वर्षं ज्या नावासाठी जीव जळत होता ते नाव त्या दिवशी किती लाखांनी ऐकलं ठाऊक न्हाई. तो चहा मी शेजारच्याच्या पुढं सरकवला.

वाटलं, चाची आता येईल आणि विचारंल, का खोटं बोलला? ती आली न्हाई. तिनं डब्यात शीरखुर्मा पाठवला आणि निरोप दिला. बेटा, मेसेज आलता ते तू मला सांगितलं न्हाईस, मी घाबरंन म्हणून. मायच्या काळजाची तुला फिकर हाये. आमची माय तो डबा घेऊन घरोघर सांगत फिरली. सीमा मात्र माझ्याकडं नुसती बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अशफाक महिन्याभरानं आला. सोयाबीन निघालं होतं, आमची मेंढरं खतासाठी एका शेतात बसवलेली होती. सकाळी तो सरळ तिथं आला, गावात जायच्याही आधी. मला मिठी मारली. अंगाला धुराचा वास होता, आमच्यासारखाच. बांधाखाली आबांची घोंगडी अंथरून बसलो. पिशवीतून त्यानं माझ्यासाठी उंच पांढरी लोकरी टोपी काढली, तिथले मेंढरंवाले घालतात तसली. माझ्या डोक्यावर बसवली आणि हसला.

"ऐक," तो म्हणला. "आता मी एकटा जात न्हाई. जूनमध्ये ताजिकिस्तान, तुझा पासपोर्ट संपायच्या आत. विमानात मी बाजूला बसतो, तू डोळे मिटून घे."

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "मी भिऊन राहिलो ते?"

"मग? सातवीपासून ओळखतो तुला," तो म्हणला. "म्हणून तर व्हिडिओत नाव घेत नव्हतो तुझं. म्हणलं, नाव घेतलं तर लोक विचारतील, मग तू का न्हाई गेलास. तुला काय सांगावं लागलं असतं?"

तीन वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, तो तीन वर्षं माझी लाज झाकत होता. फक्त हो म्हणायचं होतं. टोपी डोक्यावर होती, फोटोतला डोंगर जवळ आला होता, आणि मला जे पाहिजे होतं ते सगळं त्यानं हातात आणून दिलं होतं. गप बसलो असतो तर कुणालाबी कधी कळलं नसतं.

मी टोपी काढून घोंगडीवर ठेवली.

"अशफाक, मी तुला थांबवलं न्हाई," मी म्हणलं. "मेंढरं बघितली. मला कळलं होतं, गारा न्हाई तर बर्फ पडणार. थांब म्हणणार होतो. पण तू माझं नाव घेत न्हाईस म्हणून राग होता. म्हणलं, मरू दे, विचारू दे त्याच्या लोकांना. फोन खिशात घातला. नेम मला आठवलाबी नव्हता. आणि चाचीला म्हणलं, मला काही आलं न्हाई."

त्याचं हसू हळूहळू गेलं. तो माझ्याकडं बघत होता, मग मेंढरांकडं, मग हातांकडं. बोटांवर थंडीनं गेलेल्या कातडीचे डाग होते. मी म्हणलं, "शिव्या दे. मार. काहीतरी बोल."

तो उठला, आणि पलीकडच्या टेकडीकडं चालू लागला. सामान, पिशवी, घोंगडी, सगळं तिथंच ठेवून. मी बघत राहिलो. वर जाऊन तो उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

मला धावत जायचं होतं. पाय धरायचे होते. मी उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली.

"येऽऊ काऽऽय?"

वारा माझ्याकडून त्याच्याकडं होता. त्याला ऐकू गेलं. मान हलली त्याची, एवढं मला दिसलं.

वरून काही आलं न्हाई.

मी खाली बसलो. ऊन चढत गेलं, मेंढरं सावलीला येऊन माझ्याभोवती गोळा झाली. तो वर होता, मी खाली होतो. मी जागचा हललो न्हाई.